मोटर सुरू होतानाच्या दहा सेकंदांचा इतिहास

१८९१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात विजेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. तिथून १७५ किलोमीटरवर लाउफेन नावाचे गाव आहे. तिथे नेकार नदीच्या पाण्यावर वीज तयार करायची, ती तारांवरून फ्रँकफर्टला आणायची आणि लोकांना दाखवायची असा बेत होता. तीन फेजची वीज एवढ्या लांब नेणे तोवर कुणाला जमले नव्हते. ती आली. तिच्यावर प्रदर्शनात हजारभर दिवे लागले आणि १०० अश्वशक्तीची एक मोटर फिरली. ही मोटर पंप चालवत होती आणि पंपाचे पाणी एका कृत्रिम धबधब्यावरून खाली पडत होते. म्हणजे तिकडे नदीचे पाणी पडले, त्याची वीज झाली आणि त्या विजेने इकडे पुन्हा पाणीच पाडले! मला हे वाचून फार गंमत वाटली. आपल्याकडच्या नदीकाठच्या प्रत्येक पाणीपुरवठा संस्थेचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही असा तो पंप.

ही मोटर करणारा मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की हा मूळचा रशियातला, जर्मनीत नोकरी करणारा इंजिनियर. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना त्याच्या आधी, १८८८ साली, इटलीत तुरिनच्या गॅलिलिओ फेरारिसने आणि अमेरिकेत निकोला टेस्लाने स्वतंत्रपणे मांडली होती. दोब्रोवोल्स्कीने तिला आज आपण ओळखतो ते रूप दिले. आत फिरणारा जो रोटर असतो त्याच्यावर तारच गुंडाळायची नाही, नुसत्या जाड दांड्या बसवायच्या आणि दोन्ही टोकांना कड्यांनी जोडून टाकायच्या. खारीच्या पिंजऱ्यासारखे दिसते म्हणून त्याला ‘पिंजरा रोटर’ म्हणतात. ना ब्रश, ना घासणारे भाग. आज शेतातल्या पाच एच.पी.पासून साखर कारखान्यातल्या मोठमोठ्या मोटरींपर्यंत बहुतेक ठिकाणी हाच पिंजरा फिरतो आहे.

पण या साध्या मोटरीत पहिल्या दिवसापासून एक खोड आहे. ती चालू करताना धसका देते. या लेखात त्या धसक्याबद्दल आणि तो कमी करण्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या खटपटीबद्दल लिहिणार आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, यंत्रविद्येशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरपुरता. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या पुतण्याच्या पाणीपुरवठा संस्थेत असे काही घडले की हा विषय मला स्वस्थ बसू देईना. ते पुढे येईलच.

आधी खोड समजून घेऊ. मोटर थांबलेली असते तेव्हा बाहेरचे चुंबकीय क्षेत्र पूर्ण वेगाने फिरते आणि पिंजरा जागच्या जागी उभा असतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढा पिंजऱ्यात करंट जास्त. त्यामुळे पहिल्या क्षणी मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. पिंजरा वेग धरू लागतो तसा फरक कमी होतो आणि करंट उतरतो. ७५ एच.पी.ची मोटर चालू असताना साधारण १०० अँपिअर घेते. तीच थेट लाईनवर टाकली तर सुरुवातीचे काही सेकंद ६०० ते ७०० घेते. तेवढ्या वेळात गावातले दिवे मिणमिणतात, शेजारच्या मोटरी कण्हतात, पट्टा किंचाळतो आणि पाईपलाईनला हादरा बसतो.

खेड्यात राहणाऱ्यांना याचा सामुदायिक अवतार चांगला ठाऊक आहे. रात्री थ्री फेज येते. एका डीपीवर वीस-पंचवीस पंप. रात्री उठायला नको म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला. वीज आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी सहा-सहा पट करंट मागतात आणि डीपी जळते. मग ती बदलून मिळेपर्यंत उभी पिके वाळतात. वीज कंपनी ऑटोस्विच काढा म्हणून विनवण्या करते. कोणी काढत नाही, कारण आपण काढला आणि शेजाऱ्याने नाही काढला तर रात्री दोन वाजता उठायचे आपणच. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

तर हा धसका कमी कसा करायचा? सगळ्यात जुना उपाय माणसाचा हात. माझ्या लहानपणी पिठाच्या गिरणीत मोटर सुरू करण्याआधी गिरणीवाला दगड सैल करी, वरच्या पेटीतून धान्य पडायची फट बंद करी आणि मगच खटका दाबी. मोटर रिकामी फिरून वेगाला आली की दगड जवळ आणायचे, धान्य सोडायचे. जिथे लांब पट्टे होते तिथे दोन पुल्या शेजारी शेजारी असत, एक दांड्याला पक्की आणि एक ढिली. पट्टा आधी ढिल्या पुलीवर. मोटर वेगात आली की लाकडी दांडक्याने पट्टा हळूच पक्क्या पुलीवर सरकवायचा. नदीवरच्या पंपाचा ऑपरेटर पुढचा वॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू करी आणि मग चक्र फिरवत वॉल्व्ह उघडी. सेंट्रिफ्यूगल पंपाला वॉल्व्ह बंद असताना पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपासच जोर लागतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते, पण अँमीटरचा काटा तो रोज बघत होता. (दट्ट्याच्या पंपाला मात्र हे उलटे. वॉल्व्ह बंद ठेवून तो चालू केला तर पाईप तरी फुटतो नाहीतर पंप तरी.)

दुसरा उपाय, मोटरीला सुरुवातीला वीजच कमी दाबाने द्यायची. इथे एक हिशेब आहे आणि साऱ्या गोष्टीचा गाभा तोच आहे. व्होल्टेज कमी केले की करंट त्याच प्रमाणात कमी होतो, पण मोटरीचा फिरवायचा जोर वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. व्होल्टेज ७० टक्के केले तर जोर ४९ टक्के राहतो. निम्मे केले तर जोर एक चतुर्थांश. धसका घालवायला जावे तर जोरही जातो, आणि करंटपेक्षा कितीतरी झपाट्याने जातो. तेव्हा समोरच्या यंत्राला सुटताना किती जोर लागतो हे माहीत असल्याशिवाय व्होल्टेज किती कमी करायचे हे सांगताच येत नाही.

स्टार-डेल्टा स्टार्टर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. मोटरीची तीन वेटोळी आधी स्टारमध्ये जोडायची, म्हणजे प्रत्येकाला ५८ टक्के व्होल्टेज मिळते. लाईनवरचा करंट एक तृतीयांश होतो, जोरही एक तृतीयांश. वेग आला की डेल्टा. जुन्या स्टार्टरला हँडल असे आणि आत तेल. ऑपरेटर हँडल एका बाजूला ओढून कान देऊन उभा राही. मोटरीचा सूर चढत चढत स्थिर झाला की झटक्यात दुसऱ्या बाजूला. घाई केली तर दुसरा धसका पहिल्यापेक्षा मोठा! कारण मध्ये क्षणभर मोटर विजेपासून सुटते, तिच्यातले उरलेले चुंबकत्व आणि लाईन यांचा मेळ राहत नाही. पुढे हँडलच्या जागी टायमर आला. टायमरला सूर ऐकू येत नाही, त्याला लावलेले सेकंद फक्त कळतात.

तिसरा प्रकार ऑटोट्रान्सफॉर्मरचा. त्याला ५०, ६५, ८० टक्के अशा टोचण्या असतात, भार बघून एक निवडायची. ६५ टक्क्यांवर जोर ४२ टक्के मिळतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुणाने लाईनवरचा करंटही तेवढाच, ४२ टक्के. बर्लिनच्या माक्स कोर्नडोर्फरने यात अशी जोडणी शोधली की मोटर मध्ये एक क्षणही विजेपासून सुटू नये. १९०८ साली त्याने अमेरिकेत अर्ज केला आणि पेटंट १९१४ साली मिळाले. मोठ्या पंपघरांतून ही जोडणी अजूनही वापरतात.

आणि चौथा, स्लिपरिंग मोटर. हिच्यात पिंजरा नाही, रोटरवर तारेची वेटोळी असून त्यांची टोके कड्यांतून बाहेर काढलेली असतात. तिथे बाहेरून रोध जोडायचा आणि वेग येईल तसा पायरीपायरीने काढायचा. हिचा मोठा गुण असा की करंट कमी ठेवूनही जोर पुरा मिळतो. खडीचा क्रशर, सिमेंटची गोळ्यांची चक्की, उंच क्रेन अशी अडेलतट्टू यंत्रे वर्षानुवर्षे याच मोटरीने हलवली. महाग आणि ब्रशची कटकट, पण जोराच्या बाबतीत भरवशाची.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी खोपोलीला पाडून टाटांनी केलेली वीज १९१५ सालापासून गिरण्यांना मिळू लागली. त्याआधी एक मोठे वाफेचे इंजिन आणि त्यावरून दोरांनी, पट्ट्यांनी सगळी यंत्रे. विजेबरोबर हळूहळू मोटरी आल्या आणि सुरुवातीचा धसका यंत्रागणिक वाटला गेला. सूतकताईची रिंगफ्रेम झटक्याने सुरू झाली की धागे तुटतात, आणि प्रत्येक तुटलेला धागा कोणीतरी हाताने जोडायचा असतो. म्हणजे विजेचा धसका अखेर कामगाराच्या बोटांपर्यंत पोचायचा. गिरण्यांच्या इतिहासात संप, मालक, पुढारी सगळे आले, पण हे मला कुठे वाचायला मिळाले नव्हते.

पुढची पन्नासेक वर्षे या चार उपायांवरच गेली. मग १९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत थायरिस्टर तयार झाला. हा एक इवलासा दरवाजा आहे. इशारा मिळाला की उघडतो आणि करंट शून्यावर आला की आपोआप मिटतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे १०० लाटा. शेतकऱ्याला समजेल असे सांगायचे तर प्रत्येक लाट ही पाटाच्या पाण्याची एक पाळी समजा. प्रत्येक पाळीत दार उशिरा उघडले तर शेतात थोडेच पाणी जाईल. पुढच्या पाळीला जरा लवकर, त्यापुढच्या पाळीला आणखी लवकर. असे करत दहा सेकंदांत हजार पाळ्या होतात आणि दार पूर्ण उघडे राहू लागते. प्रत्येक फेजला पाठीला पाठ लावून दोन, असे सहा थायरिस्टर. हाच सॉफ्ट स्टार्टर.

याला एक उपकथानक आहे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल अडवले आणि अमेरिकेला वीज वाचवण्याची जाग आली. नासाच्या हंट्सव्हिल येथील केंद्रातल्या फ्रँक नोला या इंजिनियरने थायरिस्टर वापरूनच एक युक्ती काढली. मोटरीवर भार नसेल तेव्हा तिचे व्होल्टेज आपोआप कमी करायचे, म्हणजे चुंबकत्वात वाया जाणारी वीज वाचते. १९७७ साली त्याला पेटंट मिळाले. कल्पना खरी होती, पण बराच वेळ रिकाम्या चालणाऱ्या मोटरीपुरती. शिवणयंत्र, करवत वगैरे. मोटर भाराखाली सतत चालत असेल तर वाचण्यासारखे फारसे काही उरत नाही. पण ‘वीज वाचवणारा सॉफ्ट स्टार्टर’ हे शब्द विक्रेत्यांच्या तोंडी जे बसले ते आजतागायत निघालेले नाहीत.

आता पुतण्याची गोष्ट. कृष्णाकाठच्या गावांत नदीत जॅकवेल, वर पंपघर आणि तिथून दीड-दोन किलोमीटर पाईपलाईन अशा सहकारी पाणीपुरवठा संस्था पुष्कळ आहेत. त्यातलीच ही एक. ७५ एच.पी.चे दोन पंप, जुने स्टार-डेल्टा स्टार्टर आणि तीस वर्षे तिथे काम करणारा एक ऑपरेटर. एक विक्रेता आला (नाव लिहीत नाही). त्याने संचालकांना तीन गोष्टी सांगितल्या: स्टार-डेल्टापेक्षा निम्मा करंट, वीजबिलात बचत आणि आता ऑपरेटरची गरज नाही. संस्थेने दोन घेतले. पुतण्याचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे, त्याच्या चरकाच्या २० एच.पी. मोटरीसाठी त्याने तिसरा घेतला. लहान मापाचा, पण आतले सगळे आकडे पंपाला लावले तेच.

पहिला दावा वरच्या हिशेबावर घासून बघा. स्टारमध्ये जोर एक तृतीयांश मिळतो आणि करंट डेल्टातल्या थेट सुरुवातीच्या एक तृतीयांश, म्हणजे दुपटीच्या जरा वर. तेवढाच जोर सॉफ्ट स्टार्टरने काढायचा तर व्होल्टेज ५८ टक्के लागते आणि लाईनवरचा करंटही ५८ टक्केच होतो, म्हणजे साडेतीन-चार पट. म्हणजे करंटच्या बाबतीत जुना स्टार-डेल्टाच सरस! सॉफ्ट स्टार्टरचे गुण दुसरे आहेत. मधला झटका नाही, चढण हवी तशी लावता येते, आणि थांबतानाही हळू थांबवता येते. पंपाला हे फार मोलाचे आहे. पण ‘निम्मा करंट’ ही निव्वळ थाप.

बसवल्यानंतर महिन्याभरात एका स्टार्टरचे थायरिस्टर दोनदा जळले. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, तुमच्याकडची वीजच खराब. वीज खराब आहे हे खरे, ४१५ च्या जागी ३५० व्होल्टसुद्धा येतात. पण शेजारच्या गावच्या एका निवृत्त वायरमनने येऊन पाच मिनिटांत खरे कारण दाखवले. बिलातल्या पॉवर फॅक्टरसाठी लावलेला कपॅसिटर जुन्या पद्धतीने मोटरीच्या टोकांवर तसाच ठेवला होता. साध्या स्टार्टरला ते चालते. सॉफ्ट स्टार्टर लाटांचे तुकडे पाडून सोडतो, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर कपॅसिटर एकदम करंट गिळतो. तो थायरिस्टरच्या मुळावर येतो. कपॅसिटर स्टार्टरच्या अलीकडे, लाईनच्या बाजूला हवा आणि तोही मोटर पूर्ण वेगाला आल्यावर जोडला गेला पाहिजे. तसे केल्यावर जळणे थांबले. हे स्टार्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले होते. इंग्रजीत.

त्यानंतर पंप खरोखरच छान चालले. सेंट्रिफ्यूगल पंप हा सॉफ्ट स्टार्टरचा सगळ्यात मनमिळाऊ जोडीदार. सुटताना त्याला जोर जवळजवळ लागतच नाही, पुढे वेगाच्या वर्गाने वाढत जातो. मोटरीचा जोर कमी केला तरी सुरुवातीला तो पुरून उरतो. चार-सहा मुख्य आकडे आणि दहा सेकंदांची चढण, झाले. थांबताना तर कायापालट. पूर्वी बटण दाबले की पाईपलाईनमधला पाण्याचा स्तंभ उलटा आदळून पंपघर थरथरायचे. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्कीने १८९८ साली या आघाताचा नियम मांडला. पोलादी नळात सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी एकदम अडवले तर जवळजवळ १०० मीटर उंच पाण्याएवढा दाब उसळतो. मोटर पंधरा-वीस सेकंद घेऊन हळूहळू थांबवली की हा आघात मंदावतो.

फक्त एक गोष्ट संचालकांच्या लक्षात आली नव्हती. बटणाने थांबवले तर हळू थांबणार. वीज गेली तर? विजेशिवाय हळू थांबणार कशाच्या जोरावर! आणि आपल्याकडे मोटर बटणाने थांबते त्यापेक्षा जास्त वेळा वीज जाऊन थांबते. तेव्हा नॉनरिटर्न वॉल्व्ह, हवेचे वॉल्व्ह यांची देखभाल सुटत नाही, आणि ती करणारा माणूसही. ऑपरेटरला कमी करण्याचा ठराव पुढच्या बैठकीत यायचा होता, तो आला नाही. तो या हिशेबामुळे मागे पडला की त्याच्या भाऊबंदांच्या मतांमुळे, यावर घरात दोन मते आहेत.

चरकाची कथा मात्र रडकथा झाली. उसाचा चरक रिकामा असेल तर सहज सुटतो. पण वीज गेली तेव्हा रुळांत ऊस अडकलेला होता. अशा वेळी चरकाला सुटतानाच पुरा जोर लागतो, कदाचित पुऱ्यापेक्षा जास्त. स्टार्टरवर करंटची मर्यादा पंपाची, तिप्पट. सुरुवातीचा करंट सहा पट धरला तर तिप्पट म्हणजे निम्मे व्होल्टेज, म्हणजे जोर पाव. त्यातून लाईनवरच व्होल्टेज कमी. मोटर नुसती घुमत उभी राहायची आणि तापून ट्रिप व्हायची. मर्यादा वाढवली तर डीपीवर ताण. ‘हळू सुरू केली की मोटर कमी तापते’ असे विक्रेता सांगे, तेही सरसकट खरे नाही. जड भार वेगाला आणताना पिंजऱ्यात जी उष्णता तयार होते ती वेळ लांबवल्याने कमी होत नाही, उलट भार अंगावर असेल तर वाढते.

आधी हा चरक इतकी वर्षे चालत कसा होता? तर त्याला ती ढिली पुली होती! मोटर रिकामी सुटायची आणि वेगात आल्यावर पट्टा सरकायचा. नवा स्टार्टर आल्यावर ‘आता याची गरज नाही’ म्हणून विक्रेत्याच्या फिटरने ती काढून थेट व्ही-बेल्ट बसवले होते. ऐन हंगामात आठ दिवस गुऱ्हाळ बंद. तोडलेला ऊस फडात वाळला, काहिलीत जाण्याआधीच रस आंबला, आणि आदण लावायला परगावाहून आलेल्या गुळव्याला बसवून पगार द्यावा लागला. पुतण्या फोनवर बोलताना रडवेला झाला होता. तेव्हापासून मी वाचायला लागलो.

वाचता वाचता कळत गेले की यंत्रागणिक उत्तर वेगळे आहे आणि ते अनुभवी लोकांना केव्हापासून ठाऊक आहे. कारखान्यातला मोठा पंखा सुटायला हलका पण पात्यांचे चाक अवजड, वेग धरायला अर्धा मिनिटही लागतो. तेव्हा झडप बंद ठेवून सुटायचे आणि स्टार्टर मोटरीच्या आकड्यापेक्षा मोठा घ्यायचा, नाहीतर तोच तापतो. बगॅसचा किंवा खडीचा पट्टा भरलेला असेल तर पहिल्याच क्षणी चांगला जोर लागतो, म्हणून सुरुवातीचे व्होल्टेज जास्त. कॉम्प्रेसर हवा मोकळी सोडून सुटायचा. जुनी स्लिपरिंग मोटर सॉफ्ट स्टार्टरवर घ्यायची आणि रिंगा सरळ जोडून टाकायच्या, असे केले तर तिचा जोरच मारला जातो. रोधाची निदान एक पायरी सुरुवातीपुरती ठेवावी लागते. बोअरवेलच्या सबमर्सिबलचे आणखी निराळे. तिच्या खालच्या थ्रस्ट बेअरिंगला पाण्याचा पातळ थर लागतो आणि तो वेग आल्यावरच तयार होतो. तिथे दहा सेकंद लाड केले तर बेअरिंग झिजते. दोन-तीन सेकंदांत वेगाला न्यायची. आणि थायरिस्टर उघडे असतानाही थोडी वीज खातात, १०० अँपिअरला तिन्ही फेज मिळून ३०० वॉटच्या आसपास. म्हणून वेग आला की समांतर कॉन्टॅक्टरने त्यांना बाजूला काढतात. तो नसेल तर पेटीत एक शेगडीच पेटलेली समजा, बचत तर दूरच.

पुतण्याने अखेर चरकाला व्हीएफडी बसवला. हा व्होल्टेजबरोबर विजेची आवर्तनेही बदलतो, त्यामुळे अगदी कमी वेगातही पुरा किंवा मिनिटभर दीडपट जोर देतो आणि लाईनवरून करंट थोडाच घेतो. सॉफ्ट स्टार्टरपेक्षा महाग, धूळ आणि उन्हाचा नाजूक. गुऱ्हाळाच्या धुरात तो किती वर्षे टिकतो ते बघायचे. त्याने ढिली पुलीसुद्धा परत बसवून घेतली आहे. काढलेला सॉफ्ट स्टार्टर संस्थेच्या खोलीत पोत्याखाली पडून आहे. परत घ्यायला विक्रेता तयार नाही.

आता वरच्या टप्प्यासाठी संस्थेला आणखी एक पंप घ्यायचा आहे आणि दरपत्रके मागवायची आहेत. मी त्यांना मराठीत एक पानभर मजकूर लिहून दिला. मोटरीचे एच.पी. आणि तिचा पाटीवरचा करंट, ती पिंजऱ्याची की स्लिपरिंगची, पंपाचा प्रकार, पाण्याची उंची, पाईपलाईनची लांबी, उन्हाळ्यातल्या दुपारी प्रत्यक्ष मोजलेले कमीत कमी व्होल्टेज, तासाला किती वेळा चालू-बंद होतो, कपॅसिटर कुठे आहे. आणि एक अट, की जोडणीच्या सूचना मराठीत लिहून द्याव्यात. शेवटची अट वाचून एक संचालक हसले, पण ठेवली.

दरम्यान वस्तीवर दुसरेच चित्र दिसू लागले आहे. २०१९ च्या कुसुम योजनेपासून आणि नंतरच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे ३, ५, ७.५ एच.पी.चे सौरपंप शिवारात वाढले आहेत. पत्र्यांकडून येणाऱ्या विजेवर मोटर चालवायची तर मध्ये व्हीएफडीसारखाच कंट्रोलर लागतो, त्यामुळे या मोटरींना सुरुवातीचा धसका असा नाहीच. परवा सकाळी पुतण्याच्या विहिरीवर उभा होतो. कोवळे ऊन पत्र्यांवर आले, आत काहीतरी घुमले, पाईपच्या तोंडाशी आधी नुसती हवा फुसफुसली, मग करंगळीएवढी धार आली. पूर्ण पाईप भरून पाणी यायला नऊ वाजले.